दहा नसताना अकरावा

जगात कुणाला जमिनीची हाव असते, कुणाला मानाची, आमच्या मुरबाडात काहींना तर दुसऱ्याच्या लग्नातल्या जेवणाची. पण हझानकाकांइतकी माणसांची हाव असलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बरं, ही हाव अमर्यादही नाही. त्यांना दहा माणसं लागतात. नऊ झाली की हा गृहस्थ पान वाढून ठेवलेल्या उपाशी पाहुण्यासारखा कासावीस होतो, आणि दहावा दारात दिसला की चेहऱ्यावर असं काही समाधान पसरतं की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या मुलीचं लग्न आत्ताच ठरलं. अकराव्याचं त्यांना काही सोयरसुतक नसतं. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण गेली कित्येक वर्षं तो अकरावा मी आहे.

हझान म्हणजे ज्यूंची प्रार्थना चालवणारा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून बेने इस्रायलींची, म्हणजे या मराठी ज्यूंची, घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि त्यातली दोन बोटं आता नुसती कुलपं सांभाळतात. काकांच्या आजोबांचा मुरबाडात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणा गेला, बैल गेला, तेव्हा आजोबांनी राहिलेल्या खोलीला चुना फासून, पूर्वेकडे... नाही, पश्चिमेकडे, कारण जेरुसलेम तिकडे आहे (हे मी चुकीचं सांगितलं की काका अजून चिडतात), तर पश्चिमेच्या भिंतीला एक लाकडी कपाट करून त्यात मखमलीत गुंडाळलेली तोराची गुंडाळी ठेवली. चामड्यावर हाताने लिहिलेला त्यांचा धर्मग्रंथ. दमट दिवसांत त्या खोलीच्या भिंतींना अजून तिळाच्या तेलाचा वास सुटतो. अशा खोलीत बसून देवाची करुणा भाकणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला मात्र त्या वासाने चटणीची आठवण येते. असो, ज्याची त्याची भक्ती.

तर या खोलीत सामुदायिक प्रार्थना करायची, गुंडाळी उघडून वाचायची, तर दहा मोठे पुरुष हवेतच, हा नियम. शिवाय माणसं मोजू नयेत, मोजली की नजर लागते, हा काकांच्या आईचा नियम. दोन्ही नियम पाळायचे कसे? काकांनी दारालगत भिंतीत दहा खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीवर काकूंनी शिवलेली एकेक गोल टोपी टांगली. येणाऱ्याने टोपी घ्यायची, डोक्यावर ठेवायची आणि बसायचं. काका माणसांकडे बघतच नाहीत, खुंट्यांकडे बघतात. "मी कुठं माणसं मोजतो? मी टोप्या बघतो," असं म्हणून त्यांनी देवाला आणि आईला एकाच वेळी गप्प केलं आहे.

माझी त्यांची ओळख या हावेतूनच झाली. मी मुरबाडच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच बदलून आलो होतो. शनिवारी सकाळी एसटी स्टँडवर उभा असताना पांढऱ्या शर्टातला, जाड भुवयांचा एक माणूस समोर आला आणि त्याने माझं आडनाव विचारलं. माझं आडनाव कोकणातल्या एका गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. बेने इस्रायलींची आडनावंही तशीच असतात हे मला काय माहीत? काकांचे डोळे चमकले. माझ्या आडनावाच्या गावात त्यांची जुनी वस्ती होती म्हणे. "चल," म्हणाले. माझा स्वभाव असा की कुणी 'चल' म्हटलं की मी आधी चालायला लागतो आणि कुठे ते नंतर विचारतो. खोलीत नेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर दहावी टोपी ठेवली. मला वाटलं भजन आहे, शेवटी प्रसाद असेल. तास-सव्वा तास मी सगळ्यांबरोबर उठलो, बसलो, वाकलो, आणि सगळे 'आमेन' म्हणाले की त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणालो. शेजारच्या म्हाताऱ्यांना गहिवरून आलं. शेवटी कौतुकाने कुणीतरी आजोबांचं नाव विचारलं. मी म्हणालो, "गणपत विठोबा."

एवढी शांतता मी नंतर फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहिली आहे. सगळी प्रार्थना नऊ माणसांची निघाली होती. काका माझ्याकडे वळले. "तू बोलला का नाय?" म्हणाले. तुम्ही विचारलंच नाही, मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, खुंटीवर परत टांगली आणि आतून काकूंना माझ्यासाठी पोहे आणायला सांगितले. पुढच्या शनिवारी मी पोह्यांच्या आशेने पुन्हा गेलो, तर दहा खुंट्यांच्या शेजारी एक अकरावी खुंटी ठोकलेली होती, जरा खाली, दाराच्या अगदी कडेला. तिच्यावर निळी टोपी. काका म्हणाले, "ही तुझी. हिशोबात नाय, पण डोक्यावर पायजे." त्या दिवशी नेमके सातच जण आले होते. काकांनी खुंट्यांकडे पाहून सुस्कारा टाकला. "दहा नसताना अकरावा असलेला जगात तू एकटाच मास्तर."

काकांचा दुसरा गुण म्हणजे ते भातसा धरणावर नोकरीला होते. याला कुणी गुण म्हणणार नाही, पण काकांचं अर्धं अध्यात्म तिथून आलेलं आहे. त्यांचं काम धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचं. आपण दार उघडल्याशिवाय मुंबईची आंघोळ होत नाही हा समज त्यांनी निवृत्त होईपर्यंत जपला, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला पाणी मिळालं याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. मग मुरबाडला परतल्यावर रिकामे हात आणि भरलेला गळा घेऊन बसलेल्या काकांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लोक प्रार्थनेला येत नाहीत, पण तालमीला येतात. त्यांच्या समाजात फार पूर्वीपासून मराठीतून कीर्तनं होत. योसेफाचं, मोशेचं, एस्तेरचं आख्यान लावत. काकांनी ते पुन्हा सुरू केलं. आणि तालीम कुठे? घाण्याच्या खोलीत. केव्हा? शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, संपून आकाशात तीन चांदण्या दिसल्या की लगेच. म्हणजे आधीच्या प्रार्थनेला माणूस आपोआप सापडतो.

सापळा तयार झाला, आता आमिष. काकांनी प्रत्येकाला एकेक कला वाटून दिली, विचारलं कुणालाच नाही. कल्याण-मुरबाड जीप चालवणाऱ्याला ढोलकी दिली, कारण त्याला हॉर्नचा ताल चांगला होता. सरळगावच्या शिंप्याला तोराच्या कपाटासाठी जरीचा पडदा शिवायला लावलं. तो गेली बारा वर्षं पडद्यावर द्राक्षाचे वेल काढतो आहे आणि संपवत नाही, कारण संपला तर यायचं निमित्त जाईल. ज्याच्या अंगात कसलीच कला नाही अशा एका पोस्टमनला काकांनी 'श्रोता' नेमलं आणि योग्य जागी मान डोलवण्याची तालीम त्याच्याकडून महिनाभर करून घेतली. मला पेटी दिली. मला पेटी येत नाही, एवढी एकच गोष्ट मी गावापासून लपवून ठेवली होती, आणि पहिल्या कीर्तनात तीही उघड झाली.

शिवाय मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून कीर्तनामागचा पडदा रंगवायचं काम माझ्याकडे. प्रसंग : मोशे डोंगरावर देवाशी बोलतो आहे. मी जीव ओतला. मोशे थोडा शंकरासारखा झाला, हे मान्य; पण डोंगर माहुलीचा हुबेहूब, आणि वर ढगांत पांढऱ्या दाढीचा, प्रसन्न मुद्रेचा देव. काका आले, बघून मटकन खाली बसले. आमच्याकडं देवाला तोंड नाय रे, एवढंच म्हणाले. मी घाबरून पुसू का विचारलं. "पुसू नको, पाप लागंल. ढग कर." मी देवावर ढग चढवला. पण नाक मी इतकं मनापासून काढलं होतं की तीन हात रंग देऊनही ते वर येतं. आजही आमच्या कीर्तनात मोशे नाक असलेल्या ढगाशी बोलतो. म्हशाच्या जत्रेत आमचं कीर्तन झालं तेव्हा एक म्हातारी खास त्या ढगाला नारळ ठेवून गेली.

म्हशाच्या त्या कीर्तनाचं काय सांगावं! समोर बैलबाजाराला आलेले शेतकरी, घोंगड्या पांघरलेले. त्यांना मिसर देश कुठला ठाऊक? काकांनी बेने इस्रायलींना गुलाम करणाऱ्या फराव राजाला पाटबंधारे खात्याचा मोठा साहेब केला आणि तांबडा समुद्र भातसानगरला आणला. मोशे काठी उचलतो, तर काका सांगणार, आधी भोंगा वाजतो, तीन वेळा. नदीकाठच्यांनी गुरं वर घ्यावीत. मग पाणी दुभंगतं आणि सगळे बेने इस्रायली कोरड्या पायांनी पार. मागून फरावाचं सैन्य येतं, त्यांनी भोंगा ऐकलेला नसतो. पुढच्या रांगेतला एक शेतकरी हळहळून म्हणाला, "अरं, त्या घोड्यांची तरी काय चूक?" काका थांबले. थोडा विचार करून त्यांनी घोडे वाचवले. धर्मग्रंथात बुडालेले ते घोडे त्या दिवसापासून आमच्या आख्यानात पोहून काठाला लागतात.

प्रत्येक आख्यानाच्या शेवटी काका छातीवर हात ठेवून सांगत, "पदरचना : स्वतः." पदं होतीही सुरेख. या सगळ्यात ती पदं गाणारा खरा गळा होता काकांच्या मेव्हण्यांचा, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाचा. तेही धरणावर नोकरीला, राहायला भातसानगरच्या वसाहतीत. आणि हा गळा काकांनी स्वतःच्या जिभेने घालवला. शहापूरच्या एका कीर्तनात समुद्र दुभंगण्याच्या पदाला मेव्हण्यांचा वरचा सूर फाटला. काकांनी टाळ थांबवून भरसभेत सांगितलं की एवढ्या आवाजाला समुद्र काय, डबकंसुद्धा वाट देणार नाही. लोक हसले. मीही हसलो, पेटीवर. मेव्हण्यांनी झांजा खाली ठेवल्या, चपला घातल्या आणि गेले ते नऊ वर्षं बहिणीच्या दारात आले नाहीत. दर सणाला काकू भावाचा मलिद्याचा वाटा, गूळ-खोबऱ्याचे पोहे, वेगळा काढत आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालत.

खुंटीवर एक टोपी कायमची लटकली ती तेव्हापासून. मग दोन पोरं नोकरीसाठी इस्रायलला गेली, बाहेरगावचे पाहुणे धरून-बांधून दहा करावे लागू लागले, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या प्रार्थनालयातले एक वडीलधारे गृहस्थ घाण्याच्या खोलीत आले. माणूस मृदू. त्यांनी गुंडाळी उघडून पाहिली. दमटपणाने काही अक्षरांचा रंग सुटू लागला होता. वाचली न जाणारी तोरा कसरीच्या तोंडी जाते, ते म्हणाले. जिथे दहा माणसं असतील तिथे ती असावी. त्यांनी अट घातली. येत्या दारफाळणीच्या सणाला इथलेच, दोन तालुक्यांतलेच दहा जमले, तर गुंडाळी इथे, नाहीतर त्यांच्याकडे. "मला धरू नका. मी पाहुणा, टोपी घरून घालून येईन."

दारफाळणी म्हणजे दारं लावून घेण्याचा सण, वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत आंघोळ करून, पांढरे कपडे घालून सगळे आत जातात, उपास सुरू होतो, दार लागतं. पण देव फक्त त्याच्याशी केलेली पापं माफ करतो. माणसाशी केलेली त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावी लागतात, आणि तीही दार लागायच्या आधी. काकांनी हिशोब केला. म्हणजे खुंट्यांकडे पाहिलं. नऊ टोप्यांना डोकी मिळत होती. दहावी मेव्हण्यांची. काका खोलीभर फेऱ्या मारत होते. आजोबांनी बैलाच्या जागी ठेवलेली गुंडाळी आपल्या हातून जाणार, या विचाराने त्यांच्या जाड भुवयासुद्धा बारीक झाल्या होत्या. पण "तू जा आणि त्याला विचार," यापुढे त्यांची जीभ जाईना. चूक त्याची, म्हणत होते.

मी गेलो. भातसानगरला मेव्हण्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "येतो. पण दाजी म्हणतील का, माझी चूक झाली?" आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. मी म्हणालो, "ते तर कधीच म्हणाले." मेव्हण्यांचे डोळे भरले. मुरबाडला परत आलो तर काका दारातच. "कबूल केली का त्यानं चूक?" मी म्हणालो, "मनापासून." काकांनी मला मिठी मारली. माझा आडाखा असा की नऊ वर्षांनी समोरासमोर आले की दोघंही रडतील, आणि रडण्यात चौकशी कोण करतो? त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली की तेवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

सणाच्या आदल्या दुपारी मी माझी स्कूटर घेऊन मेव्हण्यांना आणायला गेलो. तर ते आंघोळ करून, पांढरेशुभ्र होऊन, अंगणात हात लांब धरून उभे. त्यांच्या जुन्या रीतीप्रमाणे या आंघोळीनंतर सण संपेपर्यंत बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. हे मला माहीत होतं. फक्त स्कूटर काढताना आठवलं नव्हतं. स्कूटरवर मागे बसून पुढच्याला न शिवण्याची विद्या दोघांनाही येत नव्हती. शेवटी दुधाचा रिकामा टेम्पो थांबवला. मी ड्रायव्हरशेजारी, मेव्हणे मागे एकटेच, दांडीला धरून उभे, वाऱ्यावर पांढरा कुर्ता फडफडतो आहे. किन्हवलीपासून रस्त्यावरची माणसं हात जोडू लागली. भाताची राखण करणाऱ्या बायकांनी दुरूनच पदर लावून नमस्कार केले. एका फाट्यावर तर ड्रायव्हरला विचारणा झाली, महाराज कुठले. आधी मेव्हणे संकोचले. सरळगाव येईस्तोवर ते उजवा हात वर करून आशीर्वाद देत होते. एवढ्या आशीर्वादांनंतर माणूस क्षमा मागायच्या मनःस्थितीत राहत नाही, फक्त करायच्या मनःस्थितीत राहतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुरबाडला पोहोचलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. घाण्याच्या खोलीत नऊजण पांढऱ्या कपड्यांत बसलेले, नऊ खुंट्या रिकाम्या, दहावीवर टोपी. काकू आणि बायका साडीच्या पडद्यामागे. शहरातले गृहस्थ कोपऱ्यात, स्वतःची टोपी घालून. मेव्हण्यांनी दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या पवित्र लेख ठेवलेल्या पट्टीला, बोटं लावून ओठांना लावली, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि थांबले. दाजींच्या तोंडून यायचं होतं ना. काका पुढे झाले, हात पसरून म्हणाले, "या. झालं गेलं. मी तुमाला माफ केलं."

मेव्हण्यांचा उंबऱ्यावरचा पाय तिथेच राहिला. "तुमी मला माफ केलंत? मास्तर तर म्हणले, चूक तुमी कबूल केली."

"मी? मला तर मास्तर म्हणले, तू केली."

मग अकराही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक असलेल्या ढगासारखा दिसत असणार. मी म्हणालो की सूर्य बुडतोय. ते सगळ्यांनाच दिसत होतं. काका मागे सरले. मेव्हणे पुढे येईनात, मागेही जाईनात. एकदाचे परत गेले असते तर बरं, असं वाटायला लावणारा त्यांचा तो पाय. पोस्टमनने, तालमीची सवय, चुकीच्या जागी मान डोलवली. शिंप्याने हळूच शहरातल्या गृहस्थांना विचारलं की उंबऱ्यावरचा माणूस आत धरायचा की बाहेर. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचार केला. पाय कुठे आहे यापेक्षा तोंड कुठे आहे ते बघतात, असं काहीसं म्हणाले. मेव्हण्यांनी तोंड रस्त्याकडे केलं. मी काकांकडे बघायचं टाळत होतो, तरी दिसलं : ते कपाटाच्या पडद्याला हात लावून उभे होते, न संपलेल्या द्राक्षांच्या वेलाला, आणि त्यांचे ओठ हलत होते. इतकी वर्षं हजारोंसमोर समुद्र दुभंगवणाऱ्या माणसाला तीन शब्द जमत नव्हते.

तेव्हा साडीचा पडदा बाजूला झाला आणि काकू बाहेर आल्या. पुरुषांच्या बाजूला त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझा आवाज फाटला नव्हता रे. आणि यांचंबी चुकलं नाय," त्या म्हणाल्या. "माझं कडवं लांब झालं व्हतं. एका दमात म्हणायजोगं नव्हतं ते. मी लिवलं तेव्हाच मला कळायला पायजे व्हतं. मला माफ करा दोघांनी."

कडवं काकूंचं? जीपवाल्याने ढोलकीशिवाय ताल चुकावा तसं काकांकडे पाहिलं. नऊ वर्षंच काय, पहिल्या कीर्तनापासूनची सगळी 'पदरचना : स्वतः' घाण्याच्या खोलीत तेलासारखी वर आली. काकांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी लाल झाला, मग मुलासारखा झाला. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली.

"सगळीच हिची हायत," ते म्हणाले. "पदं. समदी. मी नुसता म्हणतो." मग काकूंकडे वळून, खालच्या आवाजात, पण दहा माणसांना ऐकू जाईल इतक्या, "चुकलो." आणि मेव्हण्यांकडे वळून, आता जीभ सैल झालीच होती म्हणून, "तुझ्याशीबी चुकलो."

मेव्हणे आत आले. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली तेव्हा काकांनी खुंट्यांकडे पाहिलं नाही. माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. आईचा नियम त्या दिवशी मोडला असावा.

त्यांच्यात एक हातबोशीची रीत आहे. दोन्ही तळहात जोडून पुढे करायचे, समोरच्याने ते आपल्या तळहातांत घ्यायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. हझानापासून सुरू होऊन ती एकाकडून दुसऱ्याकडे खोलीभर फिरते. काकांनी आधी मेव्हण्यांना हात दिले. ते हात सुटायला जरा वेळ लागला. मग शिंपी, पोस्टमन, जीपवाला, शहरातले गृहस्थ. शेवटचा हात दारापर्यंत आला तेव्हा मी बाहेर, पायरीवर. दार बाहेरून ओढून घ्यायचं काम दर वर्षी माझं. त्यासाठी तरी अकरावा लागतोच. काका स्वतः दारात आले आणि त्यांनी हात पुढे केले. मी मागे सरलो. म्हणालो, काका, आंघोळ झालीय तुमची.

"हात पुढं कर मास्तर. शहरवाले बघतात."

मी हात दिले. मग दार ओढून घेतलं. आतून मेव्हण्यांचा आवाज आला, पहिल्याच सुराला वर चढलेला, आणि फाटला नाही.

दोन दिवसांनी मी काकूंना विचारलं की ते कडवं खरंच लांब होतं का. त्या शिळ्या सणाचा, म्हणजे दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाचा, फराळ वाढत होत्या. "कडवं बरोबर व्हतं," त्या म्हणाल्या. "पण सूर्य बुडायचा व्हता ना अजून. बुडून सण लागल्यावर बोलले असते तर खोटं झालं असतं." मग माझ्या ताटात आणखी एक घास टाकून म्हणाल्या की मास्तर, खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसानं.

गुंडाळी राहिली. काका आता प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी छातीवर हात ठेवून "पदरचना : आमची ही" असं इतक्या अभिमानाने सांगतात की ही कल्पनाही त्यांचीच असावी असं वाटतं. पण अट आता दर वर्षाची झाली आहे. यंदा मेव्हणे निवृत्त होऊन मुलाकडे इस्रायलला गेले. तिकडून ते फोनवर पदं म्हणून पाठवतात. काकांनी एकदा फोनला टोपी घालून खुंटीखाली ठेवून पाहिला, मग स्वतःच काढला. दारफाळणी महिन्यावर आली आहे. परवा म्हणाले, शहापुराकडे कुणीतरी 'कर' आडनावाचा बदलून आलाय म्हणे, बघून ये. निघताना हाक मारून बजावलं, "या टायमाला आजोबाचं नाव आधी इचार. आणि खोटं बोललास तर दोघांना एकच बोल."

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी जातो. खालच्या खुंटीवरची निळी टोपी घेतो आणि दाराशी बसतो. काकांची नजर आता अधू झाली आहे. खुंट्या चाचपून बघतात आणि मग रस्त्याच्या दिशेने तोंड करून विचारतात, "मास्तर, कोण येताना दिसतंय का रे?"

रस्त्यावर कुणी नसतं. "येतंय कुणीतरी काका," मी म्हणतो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोघांना एकच सांगतो. त्यांना, आणि मला.